पोरं, पलटण आणि मोठा ढोल

संस्थांचे इतिहास कार्यालयात बसून लिहिले जातात आणि कार्यालयात बँड वाजत नाही, ही इतिहासलेखनातली एक दुर्लक्षित अडचण आहे. कुठल्याही युवक संघटनेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ उघडा. स्थापना, ध्येयधोरणं, घटना, शाखाविस्तार, आजीव सभासदांची यादी, देणगीदारांचे ऋणनिर्देश, सगळं ओळीनं असतं. बँड सापडतो तो शेवटी, ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली, रक्तदान शिबिर आणि वृक्षारोपण यांच्या मधोमध. सोबत एक छायाचित्र: खुर्च्यांवर पदाधिकारी, मागं उभी पोरं आणि सगळ्यांच्या पुढ्यात, बरोबर मध्यभागी, उभा करून ठेवलेला मोठा ढोल, त्याच्या तोंडावर संस्थेचं नाव आणि साल. इतिहासकाराला जे उमगलेलं नसतं ते छायाचित्रकाराला उमगलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की छायाचित्रकाराचं बरोबर आहे. पलटण बँडच्या मागून चालते ती रस्त्यावर तर चालतेच, पण इतिहासातही चालते. आणि ध्येयधोरणं वगैरे मंडळी त्याहून मागून, धापा टाकत येत असतात. पुराव्यासाठी मी बॉईज ब्रिगेड घेतो, कारण गणवेश घालणाऱ्या युवक संघटनांच्या साऱ्या खटल्यात थोरली पाती तीच. स्काउट वगैरे तिची धाकटी भावंडं.

तर १८८३ सालचं ग्लासगो. जहाजं बांधणारं, धुरानं काळवंडलेलं, चाळींतून माणसं दाटीवाटीनं भरलेलं शहर. १८७२ च्या कायद्यानं स्कॉटलंडात पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती. तेरावं सरलं की सक्ती सरली; पोरगं कारखान्यात किंवा दुकानात लागायचं, खिशात चार पेनी खुळखुळायचे आणि रविवारच्या धर्मवर्गात लहान मुलांच्या बाकावर बसायची त्याला लाज वाटू लागायची. विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाचा एक तरुण व्यापारी अशा पोरांच्या वर्गावर शिकवत असे. हा गडी मूळचा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या थर्सोचा, जन्म १८५४ चा. तो फर्स्ट लॅनार्कशायर रायफल व्हॉलंटिअर्स या हौशी सैनिकांच्या पलटणीतही होता. म्हणजे परेडवर त्याच्या एका हाकेसरशी दाढीमिशीवाले बाप्ये गर्रकन वळत आणि रविवारी वर्गात तेरा वर्षांची टिनपाट पोरं त्याला जुमानत नसत. आपल्याकडच्या शिक्षकानं अशा वेळी पालकांना चिठ्ठी पाठवली असती. स्मिथनं वर्गाचीच पलटण केली. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी नॉर्थ वुडसाइड रस्त्यावरच्या मिशन हॉलमध्ये बॉईज ब्रिगेड सुरू झाली. जहाजाच्या नांगराचं चिन्ह, बायबलातून घेतलेलं ब्रीदवाक्य, बारा ते सतरा वयोगट, आठवड्याला कवायत आणि रविवारी बायबल.

गणवेश असा की गरिबालाही परवडावा: अंगावर घरचेच कपडे, त्यावर कमरेला पट्टा, खांद्यावरून पांढरी पिशवी आणि डोक्यावर गोळ्यांच्या डबीसारखी दिसणारी पिलबॉक्स टोपी. हातात खेळातली रायफल. ग्लासगोचे धर्मोपदेशक आणि प्राध्यापक हेन्री ड्रमंड या चळवळीचे मोठे पाठीराखे होते, आणि त्यांचं मोकळंढाकळं मत असं, की सगळी जादू त्या पाच पेनीच्या टोपीत आहे. ज्या पोराला पोरगं म्हणून बसवता येत नाही, त्याला शिपाई म्हणून उभं करता येतं. ड्रमंडसाहेबांचं निरीक्षण अचूक आहे, पण ते उद्घाटनाच्या दिवसाचं आहे. टोपीची नवलाई टिकते किती? नव्या टोपीची चार आठवडे, फार तर सहा. मग ती टोपी राहते आणि सावधान-विश्राम, सावधान-विश्राम हे दळण उरतं. स्मिथची शिस्त कडक होती. पहिल्या उत्साहात नाव नोंदवलेली बरीच पोरं पहिल्याच हंगामात गळाली. टोपीनं पोरगं दारातून आत येतं हे मान्य. ते पुढची चार वर्षं दाराबाहेर का जात नाही, याचं उत्तर टोपीत नाही. ते थोड्याच वर्षांत कंपन्या-कंपन्यांतून दिसू लागलेल्या ब्युगल, फाइफ नावाच्या बारीक बासऱ्या आणि ढोलांत आहे. ब्रिगेडच्या शाखेला कंपनी म्हणतात. स्कॉटलंड असल्यामुळं बॅगपाइपही आलेच. तिथं ते न आणता येतात.

आता ब्युगलच का, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. या वाद्याला भोकं नाहीत, पडदे नाहीत, कळा नाहीत. पितळेची एक वळवलेली नळी. ओठ आवळायचे किंवा सैल सोडायचे, एवढंच काय ते वादन. यातून नेहमीच्या वापरातले स्वर निघतात पाच. आपल्या हिशेबानं सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि त्याच्यावरचा प. म्हणजे नावं मोजली तर तीनच. रे, म, ध, नी या चौघांना ब्युगलमध्ये प्रवेश नाही. जाणकार लगेच मालश्री रागाचं नाव काढतील, कारण तोही जवळजवळ याच तीन स्वरांवर उभा आहे. पण मालश्री उभा करायला जन्म जातो आणि ब्युगलला एक हिवाळा पुरतो. या तीन स्वरांत मैफल होत नाही, मात्र माणसाला उठवता येतं, जेवायला बोलावता येतं आणि दिवे मालवून झोपायला सांगता येतं. ब्रिटिश लष्कराचा अख्खा दिवस त्यांवर चालत असे. ज्या पोराला वाचायला शिकवताना मास्तर थकले, त्याला तीन स्वर शिकवायला कोणी थकत नाही. फार तर शेजारी थकतात.

शिवाय वयाचा हिशेब बघा. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. तोवर चर्चच्या गायनवृंदात देवदूतासारखा गाणारा मुलगा एका रविवारी अचानक बेडकासारखा गाऊ लागतो आणि त्याला प्रेमानं, पण तातडीनं, बाहेर काढलं जातं. नेमकं हेच वय शाळा सुटण्याचं, हेच धर्मवर्गाची लाज वाटण्याचं आणि हेच घरात ‘आता तू काही लहान नाहीस’ आणि ‘अजून तू काही मोठा नाहीस’ ही दोन वाक्यं एकाच जेवणात ऐकण्याचं. सगळीकडून निकालात निघालेल्या या प्राण्याला हवा असतो आवाज. स्वतःचा चालत नसेल तर उसना. बँड तो पुरवतो. ब्रिगेडच्या ध्येयधोरणांत आज्ञापालन आहे, आदर आहे, स्वाभिमान आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाला कायदेशीररीत्या मोठा आवाज करू देण्याची सोय, ही जी खरी सेवा, तिचा कुठं उल्लेख नाही.

ढोलही असाच जवळून पाहण्यासारखा. साइड ड्रमचा पट्टा गळ्यातून तिरपा जातो, त्यामुळं ड्रम डाव्या मांडीवर कलतो, आणि कललेल्या ड्रमवर डाव्या हाताची काठी सरळ धरता येत नाही म्हणून ती तळवा वर करून, जवळजवळ जेवणातला घास धरल्यासारखी धरावी लागते. हा अवघडलेला हात पुढं इतका प्रतिष्ठित झाला की ड्रम आडवा स्टँडवर ठेवून बसून वाजवणारेही कित्येक वर्षं तसाच हात धरत राहिले. रोल शिकवायची रीत अशी की उजव्या हाताचे दोन ठोके, डाव्याचे दोन ठोके, आणि तोंडानं म्हणायचं ‘मम्मी-डॅडी, मम्मी-डॅडी’. आधी सावकाश, मग भरभर, मग इतकं भरभर की आईवडील वेगळे ऐकू येईनासे होतात आणि नुसती थरथर उरते. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हाती झांजा देतात, हा एक लोकप्रिय गैरसमज. झांजवाल्याला उलट सर्वांत जबाबदारीचं काम. तो कमी वेळा वाजवतो, त्यामुळं कमी वेळा चुकतो. पण एकदा चुकला की ते पलीकडच्या गल्लीत कळतं. मोठा ढोल ज्याला मोजता येतं त्याला. पुढं दंड फिरवत चालणारा तो ज्याची उंची आणि हिंमत दोन्ही जास्त, कारण हवेत फेकलेला दंड खाली येतोच आणि गर्दी नेमकी त्या क्षणाची वाट बघत असते. आणि ज्यांना यांतलं काहीच जमत नाही, ते रांगा करून मागं चालतात. त्यांनाच ब्रिगेड म्हणतात.

इथं पहिला आक्षेप येतो. बँड ही चालणाऱ्यांची सोय आहे, पाऊल एका ठेक्यात पडावं म्हणून तो ठेवला, तेव्हा मुख्य काय ते चालणं. ऐकायला हे समंजस वाटतं, पण गणित त्याच्या विरुद्ध आहे. झपाझप चालीचा वेग मिनिटाला सुमारे १२० पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आवाज हवेतून अर्ध्या सेकंदात साधारण १७० मीटर जातो. तेव्हा मोठी मिरवणूक असेल आणि बँड सर्वांत पुढं असेल, तर १७० मीटर मागं चालणाऱ्या पोराला ढोलाचा ठोका एक पूर्ण पाऊल उशिरा पोचतो. ते बिचारं इमानदारीनं ठोक्यावर डावा पाय टाकतं, आणि नेमका त्याच क्षणी पुढच्यांचा उजवा पडत असतो. प्रेक्षकाला वाटतं शेपटाकडची कंपनी बेशिस्त आहे. वस्तुतः ती कानाशी प्रामाणिक असते, बेइमानी हवेची. म्हणून लांब रांगेत बँड मध्ये घालतात किंवा मागं आणखी एक ढोल देतात. नुसत्या पावलांसाठी बँड हवा असता तर एक शिट्टी आणि एक खमका सार्जंट स्वस्तात पडले असते. बँड म्हणजे वाद्यांचा खर्च, फाटलेली चामडी, हरवलेला माउथपीस, वर्गणीची वही आणि जुन्या वस्तूंची विक्री. एवढा खटाटोप कोणी डाव्या-उजव्यासाठी करत नाही.

माझ्या मते बँड टिकला याचं कारण असं, की साऱ्या ब्रिगेडमध्ये शिस्तीला कारण असलेली ती एकच जागा होती. कवायतीत हात पाव सेकंद उशिरा उचलला तर काय बिघडतं? काहीच नाही. सार्जंटला दिसलं तर तो ओरडतो, नाही दिसलं तर जग चालू राहतं. पोरांना हे कळतं. पोरांना असल्या गोष्टी फार लवकर कळतात. पण सोळाजणांच्या ब्युगलमध्ये एकानं पाव सेकंद आधी फुंकर मारली, तर ओरडायला सार्जंट लागत नाही. साऱ्या रस्त्याला कळतं, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला कळतं आणि ती ते रात्रीच्या जेवणापर्यंत विसरत नाही. कवायतीत वरच्याचं ऐकायचं असतं, बँडमध्ये शेजाऱ्याचं. पहिली गोष्ट भीतीनं जमते. दुसरी भीतीनं जमत नाही, कारण घाबरलेल्या ओठांतून ब्युगल वाजत नाही. त्यातून जे निघतं त्याला वायुगळती म्हणतात. स्मिथला हवी असलेली शिस्त त्याला मिळाली खरी. फक्त ती जिथं शिकवली जात होती तिथं न उगवता सरावाच्या खोलीत उगवली.

हे एकट्या स्मिथच्या पोरांपुरतं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. पण पुढं काय झालं पाहा. स्मिथचा पंथ प्रेस्बिटेरियन. त्याचं यश पाहून अँग्लिकनांनी १८९१ मध्ये चर्च लॅड्स ब्रिगेड काढली, कॅथलिकांनीही आपली काढली आणि १८९५ मध्ये लंडनमध्ये ज्यू लॅड्स ब्रिगेड निघाली. या मंडळींचं प्रार्थना कशी करावी, कोणत्या वारी करावी, मध्यस्थ लागतो की नाही, यांतल्या एकाही मुद्द्यावर शतकानुशतकं जमलेलं नाही. ब्युगल आणि ढोल मात्र सर्वांना मंजूर. ज्यू ब्रिगेड काढणारे कर्नल आल्बर्ट गोल्डस्मिड यांचा जन्म १८४६ चा आणि तो चक्क पुण्याचा. त्यांचे वडील हेन्री गोल्डस्मिड मुंबई इलाख्यात मुलकी अधिकारी होते. विंगेट यांच्याबरोबर इंदापूर तालुक्यापासून ज्यांनी जमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत बसवली ते हेच. सर्व्हे नंबरावरून ज्यांच्या भावकीत तीन पिढ्या कज्जा चालू आहे, त्यांनी हे नाव कोणत्या भावनेनं घ्यावं हे मी सांगणार नाही. बापानं पुणे जिल्ह्यातली शेतं रांगेत आखली, मुलानं लंडनच्या ईस्ट एंडमधली पोरं. रशिया आणि पूर्व युरोपातून जीव घेऊन आलेल्या गरीब निर्वासितांची ही मुलं ताठ उभी राहून इंग्रज दिसावीत, असा कर्नलसाहेबांचा हेतू. त्यांची ग्लासगोची शाखा मात्र इंग्रज दिसण्याच्या भानगडीत न पडता किल्ट नेसून पाइप वाजवू लागली, आणि जगातला एकमेव ज्यू पाइप बँड म्हणून नावाजली गेली. ध्येय एक, बँड भलतीकडं. आणि लोकांच्या ध्यानात काय राहिलं, तर बँड.

स्काउटांचे जनक बेडन-पॉवेल यांचं उदाहरण तर त्याहून बोलकं. ते बॉईज ब्रिगेडच्या संचलनाला येत, स्मिथशी त्यांचा चांगला घरोबा होता, आणि मुलांसाठी काही लिहा हा आग्रह स्मिथचाच. पण त्यांना लष्करी कवायतीचा मनापासून कंटाळा. कवायतीनं पोराचं डोकं बंद होतं, त्याला रानात सोडा, माग काढू द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि १९०८ च्या त्यांच्या पुस्तकातून स्काउट चळवळ निघाली ती या भूमिकेवर. कवायत गेली, रायफल गेली, टोपी बदलली. आणि मग काय झालं? स्काउटांच्या पथकांनी गावोगाव ब्युगल आणि ढोलांचे बँड काढले. चाहूल न लागू देता रानातून सरकणं ज्यांचं शिक्षण, त्यांनी रविवारी सकाळी अख्ख्या गावाला आपली चाहूल दिली. कवायत हाकलली तर ती जाते. बँड खिडकीतून परत येतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ही सगळी लहान मुलांना गोड लावून सैनिक बनवण्याची युक्ती नव्हती का? हा आक्षेप आजचा नाही, स्मिथच्या हयातीतच शांततावाद्यांनी तो घेतला होता, आणि मुलांच्या हातातल्या त्या नकली रायफली पाहता तो चुकीचा म्हणवत नाही. १८९९ मध्ये बॉईज लाइफ ब्रिगेड नावाची वेगळी संघटना निघाली ती यासाठीच: कवायत ठेवू, पण बंदुकीऐवजी स्ट्रेचर उचलू. ब्रिगेडच्या बाजूनं सांगायचं तर लष्करी खात्यानं या पोरांना कॅडेट म्हणून आपल्या छत्राखाली घ्यायचं ठरवलं, तेव्हा बॉईज ब्रिगेडनं ते नाकारलं. चर्च लॅड्स ब्रिगेडनं स्वीकारलं, आणि १९१४ मध्ये तिच्या आजी-माजी पोरांची एक सबंध बटालियन किंग्ज रॉयल रायफल कोअरमध्ये उभी राहिली. त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. बॉईज ब्रिगेडचीही पोरं गेलीच. नाकारणारी समिती घरी राहिली, मुलं राहिली नाहीत. इथं विनोद थांबतो आणि थांबलेला बरा. ढोल पावलांना ठेका देतो, ती कुठं चाललीत हे विचारत नाही. हा त्याचा दोष मी झाकत नाही. फक्त एवढं नोंदवतो, की युद्धानंतर हिशेब झाला तेव्हा दोष कुणाच्या पदरात टाकला गेला. १९२६ मध्ये बॉईज ब्रिगेड आणि बॉईज लाइफ ब्रिगेड एकत्र झाल्या आणि त्या तडजोडीत रायफली कायमच्या बाहेर गेल्या. ढोलाचं नावही कोणी काढलं नाही. शांततावाद्यांनाही बँड हवा होता.

उरला शेजाऱ्यांचा आक्षेप, आणि खरं सांगायचं तर हाच एक मला निरुत्तर करतो. वाजवणारी फौज ही वस्तीला नेहमीच जड गेली आहे. गणनयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज हा लंडनच्या रस्त्यांवरच्या वादकांवर इतका चिडला होता की त्याच्यासारख्यांच्या ओरडीनंतर १८६४ मध्ये पार्लमेंटनं त्याविरुद्ध कायदा केला. तर वादक मुद्दाम त्याच्याच दारात येऊन वाजवू लागले. तो १८७१ मध्ये वारला, म्हणजे ब्रिगेडच्या आधी बारा वर्षं सुटला. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेची कथा आणखी मासलेवाईक. सॉल्झबरी गावात तिच्या प्रचारकांना गुंड मारत, म्हणून १८७८ च्या सुमाराला चार्ल्स फ्राय नावाचा बांधकाम कंत्राटदार आपल्या तीन मुलांना घेऊन संरक्षणाला उभा राहिला. येताना चौघांनी आपली पितळी वाद्यं आणली. अंगरक्षक म्हणून आलेला हा बँड पुढं साऱ्या जगात त्या संस्थेची ओळख होऊन बसला. चार वर्षांनी, सप्टेंबर १८८२ मध्ये, ही ‘आर्मी’ मुंबईच्या धक्क्यावर उतरली. पुढारी फ्रेडरिक टकर, जे काही काळापूर्वीपर्यंत इथंच सनदी अधिकारी होते. पोलीस फौजेच्या स्वागताला सज्ज. उतरली एकंदर चार माणसं. बाकीची फौज कधी उतरणार, असं पोलिसांनी विचारल्याची आख्यायिका आहे. पण चौघांनी वाजतगाजत मिरवणूक काढताच प्रकरण अटकेपर्यंत गेलं. वाजंत्रीवरून कोणाची माथी भडकतील, याचा अंदाज मुंबईच्या पोलिसांना तेव्हाही होता, आणि ते शास्त्र इथं पुढं किती वाढलं हे गणेशोत्सवात बंदोबस्ताला उभं राहिलेल्या कोणालाही विचारावं.

ब्रिगेडमधल्याच काहींचा वेगळा आक्षेप असे, की बँडची पोरं फक्त बँडला येतात, बायबलच्या वर्गाला दांडी मारतात. आणि पोरांना धरून ठेवण्याचं श्रेय द्यायचंच तर फुटबॉलला आणि उन्हाळी तळाला द्या. पहिल्या निम्म्या भागाबद्दल मी म्हणेन, की हा आक्षेप नसून माझ्या बाजूची साक्ष आहे. दुसरा निम्मा भाग विचार करण्याजोगा आहे. ग्लासगोत ब्रिगेडचं फुटबॉल मोठं होतं; आणि १८८६ मध्ये स्मिथनं पोरांना टिनाब्रुआइख या समुद्रकाठच्या गावी तळावर नेलं, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. पण तळ वर्षातून एकदा. फुटबॉलला अकरा लागतात आणि उरलेले मैदानाबाहेर उभे राहून हात चोळतात. शिवाय फुटबॉल पोराला कुठंही मिळतो. चेंडू नसेल तर चिंध्यांचा करून मिळतो. सोळा ब्युगल, आठ साइड ड्रम आणि एक मोठा ढोल गल्लीत मिळत नाहीत. आणि मुख्य म्हणजे फुटबॉलच्या संघाला घेऊन कोणी रस्त्यातून मिरवत चर्चला जात नाही. चाळीच्या खिडक्या उघडतात त्या बँडला. ज्या खिडकीतून कालपर्यंत त्या पोराच्या नावानं शिव्या येत होत्या, त्याच खिडकीतून तीच बाई टाळ्या वाजवते. हे बायबलच्या वर्गात घडत नाही, आणि घडलं तर ते योग्य दिसणार नाही.

तेव्हा एकशेचाळीस वर्षांची जमाखर्चाची वही उघडली तर काय दिसतं? रायफल १९२० च्या दशकात गेली. १९६० च्या दशकात सगळ्या संघटनेची झाडाझडती झाली आणि त्यातून ड्रमंडसाहेबांची जादूची पिलबॉक्स टोपीही गेली. कवायतीचे तास आटले. ‘फक्त मुलगे’ ही अटही पुष्कळ ठिकाणी सैल झाली. संघटना स्कॉटलंडबाहेर पडली; सिंगापुरात ती १९३० मध्ये पोचली ती जेम्स फ्रेझर या मूळच्या ब्रिगेडच्याच पोरामुळं, आणि ज्या देशात थंडी म्हणजे काय हे पुस्तकात वाचावं लागतं, तिथं मुलं गणवेश घालून रांगेत उभी राहिली. हातात काय, तर ढोल आणि ब्युगल. ब्युगलरला, ड्रमरला, पाइपरला मानचिन्ह देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नकली रायफल नीट धरल्याबद्दलचं मानचिन्ह आज कुणाच्याही कोटावर नाही. अर्थात बँडही आता कमी झाले आहेत, कारण पोरं कमी झाली आहेत आणि मोठा आवाज करायला खिशातल्या फोनला माउथपीस लागत नाही. पण जिथं कंपनीचा बँड आहे तिथं कंपनी आहे, आणि जिथं बँड मोडला तिथं बहुधा थोड्याच दिवसांत हॉल भाड्यानं देण्याची पाटी लागते, हे माझं मत मी आकडेवारीशिवाय मांडतो आहे. कोणाला खोडायचं असेल तर खोडावं.

जाता जाता एक विनंती, तीही पोरांना नव्हे, शेजाऱ्यांना. तुमच्या इमारतीसमोरच्या शाळेत किंवा प्रार्थनामंदिरात या जूनपासून बँडचा सराव सुरू झाला, तर पहिले तीन महिने संध्याकाळी फिरायला जात चला. तक्रार अर्ज लिहायचाच असेल तर पंधरा ऑगस्टची परेड झाल्यावर लिहा, आणि त्यात ब्युगलचं नाव घाला, झांजांचं घाला. मोठ्या ढोलाचं घालू नका. तो बंद पडला तर बाकीच्यांना कुठं थांबायचं ते कळणार नाही.